क्वाड्रोने पुण्य जास्त लागत नाही

आमच्या क्षेत्रात एक भाबडी समजूत आहे. फोल्डिंग ॲट होम किंवा आइनस्टाइन ॲट होमला आपलं मशीन द्यायचं ठरलं, की लोकांना एकदम 'प्रोफेशनल' ग्राफिक्स कार्ड हवंसं वाटायला लागतं. का, तर म्हणे, "विज्ञानाचं काम आहे रे, गेमिंगच्या कार्डावर कसं करणार?" लॅमिंग्टन रोडला जुनी क्वाड्रो शोधत फिरणारे दोघं तर माझ्याच ओळखीतले आहेत.

माझं म्हणणं सरळ आहे. या कामासाठी वर्कस्टेशन कार्ड विकत घेऊ नका. ऑफिसात आधीच पडून असलेलं कार्ड मात्र परवानगी काढून जरूर कामाला लावा.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. एक अवाढव्य गणित तुकडे करून हजारो लोकांच्या मशीनवर वाटायचं, उत्तरं परत गोळा करायची. १९९९ साली सेटी ॲट होमने हे घराघरांत नेलं (ते काम वाटणं २०२० मध्ये थांबलं). २००० पासून फोल्डिंग ॲट होम प्रथिनांच्या घड्यांचा अभ्यास करतंय, २००६ पासून ग्राफिक्स कार्डावरही. कोविडच्या काळात, २०२० मध्ये, त्यांच्याकडे एक एक्झाफ्लॉपच्या वर ताकद गोळा झाली. तेव्हा एकही सुपरकॉम्प्युटर तिथवर पोचला नव्हता.

आता कार्डाकडे वळू. आरटीएक्स ए२००० हे वर्कस्टेशन कार्ड आणि आरटीएक्स ३०६० हे गेमिंगचं कार्ड, दोन्ही २०२१ ची. आत चिप एकच! ए२००० मध्ये ३३२८ कोअर, ३०६० मध्ये ३५८४. अमेरिकेतली सुरुवातीची किंमत ए२००० ची ४४९ डॉलर, ३०६० ची ३२९. मग जादा पैसे कशाचे? कॅटिया, सॉलिडवर्क्ससारख्या सॉफ्टवेअरसाठी तपासून प्रमाणित केलेल्या ड्रायव्हरचे, चुका दुरुस्त करणाऱ्या मेमरीचे, छोट्या आकाराचे. डिझाइन ऑफिसला हे सगळं लागतं. प्रथिनाच्या घडीला सॉलिडवर्क्सचं सर्टिफिकेट काय कामाचं?

हां, ए२००० ७० वॅटवर चालतं आणि ३०६० १७० वॅट खातं, हे खरं. कागदावर प्रत्येक वॅटमागे ए२००० दीडपट काम देतं. पण त्यात 'प्रोफेशनल'पणाचं गुपित काही नाही. चिप कमी वेगाने पळवली, इतकंच. ३०६० ची वीजमर्यादा सॉफ्टवेअरमधून खाली आणा, बराचसा फरक तिथेच भरून निघतो. फुकटात.

खरा घोळ सेकंडहँड बाजारात आहे. २०१३ ची क्वाड्रो के६०००, तेव्हाची राणी. १२ जीबी मेमरी, ५.२ टेराफ्लॉप आणि २२५ वॅट. चोवीस तास चालवली तर महिन्याला १६२ युनिट. ए२००० तेवढ्याच वेळात ५० युनिटमध्ये ८ टेराफ्लॉपच्या वेगाने पळतं. युनिटला १० रुपये धरा आणि स्वस्तात मिळालेली क्वाड्रो वर्षाला किती रुपये जास्त खाते ते स्वतःच मोजा. मी मोजले, तेरा हजारांच्या वर जातात. शिवाय आपली वीज मुख्यतः कोळशाची. दान आपण करायचं आणि धूर चंद्रपूरकरांनी खायचा, हे काही बरं नाही.

यावर दोन आक्षेप हमखास येतात.

पहिला, डबल प्रिसिजनचा. के६००० त्यात आजही ए२००० ला धूळ चारते, मान्य. पण त्याची गरज किती जणांना? फोल्डिंगचं बहुतेक गणित सिंगल प्रिसिजनमध्येच होतं. डबलशिवाय ज्याचं पान हलत नव्हतं त्या मिल्कीवे ॲट होमने ग्राफिक्स कार्डाचं काम २०२३ मध्येच बंद केलं.

दुसरा, मेमरीतल्या चुकांचा. हा जास्त वजनदार आहे. २०१० मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी फोल्डिंगवरच्याच हजारो कार्डांची मेमरी तपासली आणि दोन तृतीयांश कार्डांत कधी ना कधी चुका सापडल्या. पण ही मंडळी त्या गृहीत धरूनच चालतात. आइनस्टाइन ॲट होम एकच तुकडा दोन वेगळ्या मशीनना देतं आणि उत्तरं ताडून बघतं. अनोळखी माणसाच्या मशीनवर आंधळा विश्वास ठेवायचा नाही, हे या सगळ्या डोलाऱ्याचं पहिलं तत्त्व आहे. तुमचं महागडं कार्डही त्याला अनोळखीच!

मग वर्कस्टेशन कार्डांनी करायचं काय? पुण्यातल्या कुठल्याही डिझाइन ऑफिसात संध्याकाळी सातनंतर जाऊन बघा. घरून लॉगिन करता यावं म्हणून मशीन रात्रभर चालू आणि लाखाचं कार्ड लॉगिनची खिडकी रंगवत बसलेलं. तिथे पैसे खर्च होऊन गेलेत, जादा खर्च फक्त कार्डाच्या विजेचा. २०१० मध्ये आइनस्टाइन ॲट होमला पहिला पल्सार सापडला, तो आयोवातल्या एका जोडप्याच्या आणि जर्मनीत माइन्झ विद्यापीठाच्या संगीताशी संबंधित एका विभागातल्या मशीनवर. पल्सारसाठी म्हणून ती कोणी विकत आणली नव्हती.

फक्त विचारून करा. अमेरिकेत जॉर्जियातल्या एका तंत्र महाविद्यालयाच्या सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेटरने कॉलेजच्या मशीनवर न विचारता असाच प्रोग्राम टाकला. त्याच्यावर फौजदारी खटला झाला. २००२ मध्ये वर्षभराचं प्रोबेशन आणि दंडावर सुटला बिचारा. दुसऱ्याच्या विजेवर केलेल्या दानाला आपल्याकडे काय म्हणतात ते सांगायला नको. तेव्हा आयटीवाल्यांना लेखी मेल टाका, वेळ ठरवून घ्या, एसीचा हिशेबही धरा. रात्री बंद होणारी मशीन बंदच राहू द्या.

यात कुणी यादीत वरचा नंबर आणि पॉइंट मिळवायला कार्डं घेत असेल तर खुशाल घ्या, छंदाला मोल नसतं. फक्त त्याला विज्ञानाची सेवा म्हणू नका, राव. तेवढ्याच पैशात जवळच्या शाळेच्या प्रयोगशाळेला एक बरा मायक्रोस्कोप येतो.