नकाशाचाही फेरफार वाचायला हवा

गेल्या महिन्यात आमच्या मोहल्ल्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गदारोळ उठला. ओपनस्ट्रीटमॅपवर आमचे कब्रस्तान दिसेनासे झाले होते. त्या जागी नुसते हिरवे मैदान. ‘मुद्दाम पुसले’, असा निकाल १० मिनिटांत लागला.

मीही अस्वस्थ झालो. पण ती खूण मीच टाकली होती आणि तिचा क्रमांक माझ्याकडे होता. २००४ साली सुरू झालेला हा नकाशा कुणालाही दुरुस्त करता येतो. त्यातल्या प्रत्येक बिंदूला आणि रेषेला क्रमांक असतो, प्रत्येक बदलाला नवी आवृत्ती. कोणत्या खात्यावरून, केव्हा, काय बदलले ते नोंदलेले राहते. खूण काढली तरी नोंद उरते. सातबाऱ्यामागे फेरफार असतो, तसेच हे.

मी नोंद उघडली. चौथ्या आवृत्तीत बिंदू काढलेला. शेरा: ‘हद्द आखली.’ आखणारा आमच्याच गल्लीतला, नुकताच हे काम शिकलेला मुलगा! उपग्रहचित्र पाहून त्याने हद्द नीट आखली, पण प्रकार चुकीचा निवडला आणि नाव लिहायचे राहिले. विचारताच त्याने दुरुस्तीही केली.

इथे द्वेष नव्हता. दुसरीकडे असूही शकेल. पण तो आरोप नोंद दाखवूनच करायला हवा.

खरी अडचण वेगळीच आहे. नव्याने आखलेल्या हद्दीला नवा क्रमांक मिळतो आणि तिचा इतिहास पहिल्या आवृत्तीपासून सुरू होतो. जुना क्रमांक माझ्याकडे नसता, तर आधीची नोंद शोधणे कठीण होते. रस्त्याचे दोन तुकडे केले, तरी जुना क्रमांक एकाच तुकड्याकडे राहतो. म्हणून जुने काढून नवे टाकण्यापेक्षा आहे तेच सुधारावे. बिंदूची हद्द करायची असेल, तर तोच बिंदू हद्दीच्या रेषेत घ्यावा आणि शेऱ्यात कारण लिहावे.

हा नकाशा मालकीचा पुरावा नाही. त्यासाठी वक्फ आणि महसुलाची कागदपत्रेच लागतात. पण लोक रस्ता यावरच शोधतात. आपली शाळा, दवाखाना, दर्गा, कब्रस्तान यांचे क्रमांक एका वहीत उतरवून ठेवायला एक रविवार पुरेसा आहे. पुढच्या वेळी ग्रुपवर निकाल देण्याआधी ती वही उघडू.