व्यवसायाचा रकाना

परवा शिरूरला नातू मला हेवी मेटलच्या पोटजाती समजावून देत होता. डूम म्हणजे संथ, थ्रॅश म्हणजे सुसाट. ब्लॅक मेटल हे नाव मात्र ‘व्हेनम’ या इंग्रज बँडच्या १९८२ च्या अल्बमवरून आलं. म्हणजे कुठे लय पाहून नाव, तर कुठे नुसतंच बारसं!

आपल्याकडे तरी वेगळं काय? बसून अदा करायची ती बैठकीची लावणी, विरहाची ती बालेघाटी, उडत्या चालीची ती छक्कड. आणि हल्ली जत्रेच्या फलकावर डीजेवरच्या नाचालाही ‘लावणी’च म्हणतात. त्यावरून वाद पेटला की बोलणी बसतात ती बारीतल्या बायकांना.

मी दौंडला बँकेत असताना चौफुल्याच्या एक कलावंत बाई कर्जाला आल्या. ‘व्यवसाय’ या रकान्यात मी ‘तमाशा’ लिहिलं.

“साहेब, तमाशा फडाचा. त्यात गण, गवळण, वग. तंबू घेऊन गावोगाव फिरतात ते. आमची संगीत बारी. थिएटरात लावणी म्हणतो आम्ही.”

मला पटलं, तरी अर्ज तसाच वर गेला. वरून शेरा आला: फिरता व्यवसाय, नामंजूर. बाईंचा मुक्काम तर वर्षानुवर्षं एकाच ठिकाणी होता.

नातू म्हणाला, “आजोबा, खोडायचं होतं की!”

बँकेत खाडाखोडीखाली सही करावी लागते. ती मला करायची नव्हती.