पोटातले पचन आणि टाकीतले पचन

शेजारची नववीतली मुलगी परवा शाळेच्या प्रकल्पाची वही घेऊन आली. "काका, 'विनॉक्सी पचन' म्हणजे काय? पचन तर पोटात होतं. मग इथे टाकीचं चित्र का?" प्रश्न मोलाचा होता. म्हणून आज हाच शब्द घेऊ.

पचन म्हणजे मोठ्या पदार्थाचे साधे, बारीक घटक करणे. भाकरीचा घास चावताना लाळेने पिठूळ भागाची साखर होऊ लागते. पुढचे काम जठर आणि लहान आतडे करते. उरलेला चोथा मोठ्या आतड्यात जातो. तिथे प्राणवायू जवळजवळ नसतो. तरी असंख्य जीवाणू त्या चोथ्यावर जगतात आणि वायू सोडतात. 'विना' अधिक 'ऑक्सी', म्हणजे ऑक्सिजनवाचून चालणारे, ते विनॉक्सी. हवेवाचून जगणारे जीवाणू असतात, हे फ्रान्सचे शास्त्रज्ञ लुई पाश्चर यांनी १८६१ मध्ये दाखवून दिले.

हेच काम बंद टाकीतही होते. खेड्यातला गोबरगॅस हे त्याचे ओळखीचे उदाहरण. आपल्या नाशिक महापालिकेने जर्मनीच्या सहकार्याने विल्होळीजवळ असाच प्रकल्प उभारला. २०१७ मध्ये तो सुरू झाला. हॉटेलांतले उरलेले अन्न आणि सार्वजनिक शौचालयांतील मैला एकत्र पचवून त्यातून निघणाऱ्या मिथेन वायूवर वीज तयार करायची, अशी ही योजना. क्षमता रोज सुमारे ३० टनांची.

आता घरामागच्या सेप्टिक टँककडे पाहा. तिथेही रात्रंदिवस हेच पचन चालू असते. फरक एवढाच की तिथला वायू कोणी वापरत नाही. मिथेनला रंग नाही, वास नाही आणि तो पेट घेतो. दुसरा हायड्रोजन सल्फाइड. त्याला सडक्या अंड्याचा वास येतो; पण प्रमाण वाढले की नाकाची वास घेण्याची शक्तीच जाते. 'वास येत नाही, आता उतरायला हरकत नाही' असे समजणारा माणूस इथेच फसतो. त्यात प्राणवायूही नसतो. एक बेशुद्ध पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो आणि दोघेही जातात. काडी पेटवून पाहणे तर स्फोटाला आमंत्रण.

या टाक्यांत कोणाची माणसे उतरवली गेली, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय कोणालाही गटारात वा टाकीत उतरवणे गुन्हा ठरले. अशा मृत्यूबद्दल कुटुंबाला १० लाख रुपये द्यावेत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये दिला. २०२३ मध्ये ही रक्कम ३० लाख केली. पण पैशाने घरचा कर्ता माणूस परत येत नाही.

म्हणून माता-भगिनींनो आणि बंधूंनो, टाकी भरली तर उपसा करणारी गाडी बोलवा. चार पैसे वाचवण्यासाठी कोणाला आत उतरवू नका. आपल्या घरातला कोणी मजुरीसाठी अशा कामाला निघाला, तर त्याला दारातच अडवा. आत कोणी पडलाच, तर मागून उडी घेऊ नका. ताबडतोब अग्निशमन दलाला कळवा.

त्या मुलीने वहीत शब्दाचा अर्थ लिहिला. खाली स्वतःच्या मनाने एक ओळ जोडली : 'टाकीत प्राणवायू नसतो, म्हणून माणसाने उतरू नये.' शब्द कळला तो असा.