आधी होडी, मग गाडी

2025 च्या पावसाळ्यात पंजाबची गावं पुरात बुडाली, तेव्हा सैन्याची एटॉर एन1200 ही गाडी भलीमोठी चाकं फिरवत पाण्यातून वाट काढताना साऱ्या देशाने पाहिली. जमिनीवर चालणारी आणि पाण्यावर तरंगणारी अशी उभयचर गाडी आपल्याकडे बचावकार्यामुळे माहीत झाली असली, तरी कॅनडात ती 1960 च्या दशकापासून हौसेची वस्तू आहे. ओंटारिओत 1967 पासून तयार होणारी ‘आर्गो’ ही त्यातली सर्वांत नावाजलेली. सहा किंवा आठ फुगीर चाकं, प्लॅस्टिकच्या मोठ्या टबासारखं अंग आणि चिखल, बर्फ, दलदल, तळं यांतलं काहीही आडवं आलं तरी न थांबण्याची ख्याती. शिकारी आणि मासेमारीचे शौकीन ती वापरत आले. तळ्याकाठी सुटी घालवणाऱ्या कुटुंबांनाही तिचा मोह पडतो. ओंटारिओत स्थायिक झालेलं एखादं मराठी घरही उद्या तिच्या किमतीची चौकशी करेल. अशा ग्राहकाला एकच सांगावंसं वाटतं: ही गाडी घ्यायची तर ती आधी होडी म्हणून पारखा.

बहुतेक लोक नेमकं उलट करतात. इंजिनाची ताकद किती, चाकं सहा की आठ, चढ किती चढते, हे प्रश्न आधी येतात आणि ‘पाण्यातही चालते’ ही वरकड गंमत ठरते. माहितीपत्रकातला सर्वांत बोलका आकडा मात्र बारीक अक्षरात असतो. आर्गोच्या सहाचाकी गाडीत जमिनीवर चार माणसं बसतात. पाण्यात तिच्यावर दोघांनीच बसायचं असतं. आठचाकीत हेच प्रमाण सहा आणि चार असं आहे. म्हणजे आईबाप आणि दोन मुलं अशा चौकोनी कुटुंबाने ‘चार जणांची’ म्हणून सहाचाकी घेतली, तर तळ्याच्या काठाशी निम्मं घर खाली उतरवावं लागेल, किंवा नियम मोडून सगळ्यांना घेऊन पाण्यात शिरावं लागेल. सुटीच्या दिवशी, मुलांच्या हट्टापुढे यातलं काय घडेल, हे सांगायला ज्योतिषी नको. जमिनीवर जास्तीचं वजन चाकं आणि माती सोसून घेतात. पाण्यात मात्र प्रत्येक किलोगणिक गाडी खाली बसते आणि टबाची कड पाण्याजवळ येते. त्यात एक जण मासा बघायला बाजूला झुकला की उरलीसुरली उंचीही घटते.

दुसरा मुद्दा वेगाचा. या गाडीला पाण्यात ढकलतात ती चाकंच. टायरवरच्या खाचा वल्ह्यांचं काम करतात. त्यामुळे वेग ताशी चार-पाच किलोमीटर, म्हणजे माणसाच्या चालीएवढा. सुकाणू नसतं, एका बाजूची चाकं रोखून वळायचं. समोरून वारा आला की आधीच मंद असलेली ही चाल आणखी रखडते. यावर मागे छोटं बोटीचं इंजिन लावण्याची सोय आहे, असं विक्रेता सांगतो, आणि वेगापुरतं ते खरंही आहे. पण त्या इंजिनाचं वजन मागच्या टोकाला पडतं आणि पाण्यातल्या आधीच तोकड्या क्षमतेतून वजा होतं. कॅनडातल्या तळ्यांचं पाणी वर्षाचे बरेच महिने बर्फासारखं गार असतं. मॅनिटोबा विद्यापीठाचे गॉर्डन गीसब्रेख्त यांनी अशा पाण्यासाठी सोपं सूत्र दिलं आहे: श्वास सावरायला एक मिनिट, हातपाय चालतात ती दहा मिनिटं, आणि शुद्ध हरपायला सुमारे एक तास. ज्या वाहनाला अर्धा किलोमीटर कापायला किमान सहा मिनिटं लागतात, त्याने काठाला धरूनच राहावं.

हा बागुलबुवा आहे, शांत तळ्यात काय होणार, असं कोणी म्हणेल. अमेरिकेत पर्यटकांना फिरवणाऱ्या ‘डक’ या मोठ्या उभयचर गाड्यांचा इतिहास त्याचं उत्तर देतो. 1999 मध्ये आर्कान्साच्या हॉट स्प्रिंग्जजवळ तळ्यात अशी एक गाडी बुडून 13 जण गेले. ना वादळ, ना धडक. चाकं फिरवणाऱ्या दांड्याभोवतीचं रबरी आच्छादन निसटलं आणि तिथून पाणी आत आलं. वरच्या छतामुळे अनेकांना बाहेर पडता आलं नाही. चौकशी करणाऱ्या सरकारी मंडळाने तेव्हाच छत काढायला आणि गाडीत पाणी भरलं तरी ती तरंगेल अशी सोय करायला सांगितलं होतं. ते बहुतांशी कानाआड केलं गेलं. 2018 मध्ये मिसुरीतल्या ब्रॅन्सनला वादळात दुसरी गाडी बुडाली. 31 पैकी 17 जण दगावले, त्यांत एकाच कुटुंबातले नऊ. हौसेची छोटी गाडी आणि ही अवजड गाडी यांत फरक आहेच, पण दोन्हींची दुखरी जागा एकच: चाकं फिरवणारा प्रत्येक दांडा जिथे अंगातून आरपार जातो, तिथे एक भोक असतं. आठ चाकांच्या गाडीत अशा जागा आठ. म्हणून जुनी गाडी बघताना रंग आणि इंजिनाचा आवाज यांत रमण्याऐवजी दांड्यांची बेअरिंगं आणि सीलं तपासावीत, पाणी उपसणारा पंप चालू करून पाहावा, तळाचं बूच घट्ट बसतं का ते पाहावं. थंडीसाठी हौसेने घेतलेलं छत पाण्यात शिरण्याआधी उघडावं, पट्टे सोडावेत आणि लाइफ जॅकेट प्रत्येकाच्या अंगावर असावं, सीटखाली नव्हे.

सर्वांत वजनदार आक्षेप वेगळाच आहे. ही गाडी होडी म्हणून इतकी लंगडी असेल, तर साधी एटीव्ही (खडबडीत वाटेवरची उघडी चारचाकी) आणि एक कनू (वल्ह्यांची होडी) वेगवेगळी का घेऊ नये? ज्या कुटुंबाला तळ्यावर तासन्‌तास रमायचं आहे, त्याने खुशाल तेच करावं, पैसेही वाचतील. उभयचर गाडीचं खरं काम आहे ओलांडण्याचं: वाटेत दलदल, मग ओढा, मग पुन्हा जंगल, अशा मुलखात मध्ये न उतरता पलीकडे पोचणं. ते काम दुसरं कोणतंही वाहन इतक्या सहज करत नाही, आणि लहान मुलं व आजीआजोबा यांना साध्या एटीव्हीवर मागे बसवण्यापेक्षा टबात बसवणं निश्चितच बरं. सोळा वर्षांखालच्या मुलांनी एटीव्ही चालवू नये, हा अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेचा सल्ला इथेही पाळावा. या मऊ चाकांनी जमिनीला इजा होत नाही, हे मात्र अर्धसत्य आहे. सरळ जाताना भार पसरतो, पण वळताना चाकं घासत फिरतात आणि ओली माती उकरतात. कासवं अंडी घालतात त्या वेळासच्या किनाऱ्यावर अशी चाकं फिरणं परवडणारं नाही, आणि ओंटारिओच्या पाणथळीतही तोच विवेक हवा.

तेव्हा विक्रेत्यापुढे पहिला प्रश्न टाकावा तो घरातल्या डोक्यांचा: आम्ही इतके, सामान इतकं, पाण्यात चालेल का? उत्तर ‘हो’ आलं, तरच अश्वशक्ती आणि रंगाकडे वळावं. ‘जमिनीवर चालेल’ असं आलं, तर तितक्याच पैशात मिळणारी चांगली जमिनीवरची गाडी शेजारच्या दुकानात उभी असते.