गार पाण्याचा गरम मामला

‘वॉटर कूलिंग’ हे नाव ज्याने ठेवले त्याला मे महिन्यातल्या एखाद्या दुपारी नाशिकला, सिडकोतल्या वरच्या मजल्यावरच्या खोलीत आणून बसवला पाहिजे. जवळ माठ द्यायचा नाही, पंखा द्यायचा नाही. त्याचा तो पाण्याने थंड होणारा कॉम्प्युटर चालू करून द्यायचा आणि बाहेरून कडी घालायची. तासाभराने दार उघडाल तर गृहस्थ आपणहून नाव बदलून देईल. त्यात पाणी असते हे खरे, कूलिंग होते हेही खरे. पण ते खोलीतल्या एकाच रहिवाशाचे होते, आणि तो रहिवासी म्हणजे आपण नव्हे.

हा विषय माझ्यासारख्याच्या वाट्याला यायचे कारण आमचा भाचा. बिल्डर लोकांना इमारतींची चित्रे कॉम्प्युटरवर करून द्यायचा त्याचा व्यवसाय. इमारत अजून पायाच्या खड्ड्यात असते तेव्हा हा तिच्या गच्चीवर सूर्यास्त, झोपाळा आणि हसणारे कुटुंब दाखवतो. अशी चित्रे पुरी व्हायला यंत्राला रात्रच्या रात्र राबावे लागते. तर हा परवा म्हणाला, “मामा, मी पहिला लूप बसवतोय.” आमच्या पिढीला लूप हा शब्द ठाऊक आहे तो सरकारी दवाखान्याच्या भिंतीवरच्या, लाल त्रिकोणाशेजारच्या मजकुरातून. मुलाचे अजून लग्नही ठरलेले नाही. मी हातातली बशी खाली ठेवली.

पण हा लूप निराळा. प्रोसेसरवर आणि ग्राफिक्स कार्डावर तांब्याचा एकेक ठोकळा बसवायचा, त्याच्या पोटातून पाणी खेळवायचे, ते नळीने रेडिएटरमध्ये न्यायचे, तिथे पंख्यांनी त्याला वारा घालायचा, मग टाकी, मग पंप, की पुन्हा पहिल्यापासून. मोटारीच्या इंजिनात जे चालते तेच.

आता न्यायाने बोलायचे तर पाण्याची बाजू भक्कम आहे. एक लिटर पाणी एका अंशाने तापायला जेवढी उष्णता लागते, तेवढ्यात सुमारे साडेतीन हजार लिटर हवा एका अंशाने तापते. एनव्हिडियाचे आरटीएक्स ५०९० हे कार्ड भरात आले की ५७५ वॅट खाते. इंटेलचा कोअर आय-नाइन १४९०० के हा प्रोसेसर २५३ वॅटपर्यंत जातो. दोन्ही मिळून आठशेच्या वर. म्हणजे घरातली इस्त्री, एकही कपडा न घालता, रात्रभर नुसती तापत ठेवल्यासारखे. ही उष्णता वेळेवर हलली नाही तर प्रोसेसर शंभर अंशांशी पोचतो आणि जळू नये म्हणून स्वतःच कामाचा वेग कमी करतो. कचेऱ्यांतून हा गुण न तापताही आढळतो, ते सोडा. तेव्हा मी लूपच्या विरुद्ध नाही. लूप ज्या तऱ्हेने आखला जातो, त्या तऱ्हेच्या मी विरुद्ध आहे.

भाच्याने आखणीसाठी दोनशे पानी वही केली आहे. पहिली चार पाने रंगांची. पाणी जांभळे की दुधासारखे पांढरे? पुढची तीन नळ्यांची. मऊ नळी कापून नुसती खुपसता येते, म्हणून ती कमी प्रतीची. कडक नळी गरम करून काटकोनात वाकवावी लागते आणि वाकवताना दोनचार फुकट जातात, म्हणून ती उंची. मग काचेची पेटी. मग दिवे. या दिव्यांत म्हणे १ कोटी ६७ लाख रंग निघतात. इंद्रधनुष्याचे आजवर सातांत भागत आले. खर्चाचा आकडा मी इथे लिहीत नाही, कारण हे पुस्तक माझ्या बहिणीच्या हाती पडण्याचा संभव आहे.

त्यानंतर सहा पाने एकाच वादाला दिलेली: पाणी आधी प्रोसेसरकडे न्यायचे की आधी कार्डाकडे? मिनिटाला चार लिटर पाणी फिरत असेल, तर आठशे वॅट पोटात घेऊनही ते फेरीभरात जेमतेम तीन अंशांनी तापते. म्हणजे हा वाद पंगतीत आधी जिलबी की आधी मसालेभात, असल्या योग्यतेचा. पोटात सगळे एकच.

उलट ज्यावर यंत्राचे जगणे-मरणे अवलंबून, त्या गोष्टींना अर्धे पान. टाकी पंपाच्या वर हवी, म्हणजे पंप कोरडा फिरून मरत नाही. सर्वांत खालच्या जागी एक तोटी हवी. नाहीतर पुढे पाणी बदलायच्या दिवशी घरातली सगळी पातेली लागतात. तांबे आणि ॲल्युमिनियम एकाच पाण्यात नांदवू नये. त्यांचा विद्युतघट तयार होतो आणि ॲल्युमिनियम झिजत जाते. पाणी नळाचे नको, कारण त्यात क्षार. नुसते शुद्ध केलेलेही पुरत नाही, गंज आणि शेवाळ रोखणारे औषध लागते. नाशिककर गोदावरीला गंगाच म्हणतो, पण म्हणून तिचे चार थेंब शुभशकुनाला यात घालू नयेत. आणि पहिल्या दिवशी बाकी सगळ्याची वीज तोडून फक्त पंप चालवावा, जोडांखाली कागद अंथरावेत आणि रात्रभर वाट पाहावी. कागद ओला झाला तर फिटिंग आवळायचे, कोरडा राहिला तर पुढे. यात दिसण्यासारखे काही नाही. म्हणूनच अर्धे पान.

पण माझे खरे भांडण याच्याही पुढचे आहे. वहीतल्या आकृतीत उष्णतेचा बाण प्रोसेसरपासून निघतो, ठोकळ्यातून, नळीतून रेडिएटरपर्यंत येतो आणि संपतो. पुढे पान कोरे! घरातल्या एकाच व्यक्तीने त्या कोऱ्या जागेकडे बोट दाखवले: ताईच्या सासूबाईंनी. वय ब्याऐंशी.

“अरे, ते गरम जाईल कुठे?”

“बाहेर जाईल, आजी.”

“बाहेर म्हणजे कुठे?”

“म्हणजे… पेटीच्या बाहेर.”

पेटीच्या बाहेर आजींची खाट आहे.

लोकांचा समज असा, की पाणी आले म्हणजे गारवा आला. हा समज माठाने करून दिला आहे. पण माठ गार करतो तो पाणी घालवून. झिरपलेल्या पाण्याची वाफ होते आणि एकेक ग्रॅम वाफ जाताना सुमारे २४०० ज्यूल उष्णता बरोबर नेते. भाच्याच्या यंत्राला माठाच्या रीतीने थंड करायचे तर तासाला सव्वा लिटर पाणी उडवावे लागेल. लूप बंद, त्यातून वाफ जात नाही. म्हणून लूपमधले पाणी खोलीपेक्षा गार कधीच होऊ शकत नाही. खोलीत ३६ अंश असतील तर पाणी ४५-४६ ला राहणार, आणि आठशेच्या आठशे वॅट खोलीत. दारे-खिडक्या बंद असत्या आणि भिंतींनी काही शोषले नसते, तर दहा बाय बाराच्या खोलीतली हवा मिनिटाला अंशभराहून जास्त तापली असती. लूप उष्णता मारत नाही, तिची बदली करतो.

“मग एसी लावू,” भाचा म्हणाला. लाव. आठशे वॅट बाहेर काढायला एसी आणखी अडीचशे वॅट घेणार आणि सगळी मिळून हजारभर शेजाऱ्याच्या खिडकीत सोडणार. आपण मध्यमवर्गीय माणसे हेच करत आलो आहोत, बरं का. आपला केर झाडून जिन्यात लोटला की घर स्वच्छ.

ज्यांना खरोखर मोठे लूप बांधायचे होते त्यांनी काय केले ते पाहा. लांब जायला नको, आपले एकलहऱ्याचे औष्णिक वीज केंद्र घ्या. १९७९ ते १९८१ या काळात तिथे २१० मेगावॉटचे तीन संच उभे राहिले. असल्या संचात कोळशाच्या उष्णतेपैकी साधारण तिसऱ्या हिश्शाचीच वीज होते. उरलेल्यातली बरीचशी पाण्याने वाहून न्यावी लागते. म्हणजे उष्णता टाकायची कुठे हे ठरल्याशिवाय असे केंद्र कागदावरसुद्धा पुरे होत नाही. गोदावरीचा शेजार हवा तो त्यासाठी. राख तिथल्यांच्या वाट्याला आणि उजेड आपल्या, हा हिशेब वेगळा. पुण्याच्या आयसर संस्थेत २०१९ साली ‘परम ब्रह्म’ हा महासंगणक बसवला. तिथेही पाणी प्रोसेसरला भिडवून उष्णता बाहेर काढायची योजना केली. त्यांच्या कागदांवर जांभळ्या रंगाची चर्चा झाली असेल असे मला वाटत नाही.

तेव्हा पहिला लूप आखणाऱ्या समस्त भाच्यांना माझे सांगणे असे, की वहीच्या पहिल्या पानावर खिडकी काढा. १२० मिलिमीटरच्या एका पंख्यामागे शंभर वॅट असा ढोबळ हिशेब धरला, तर आठशे वॅटला आठ पंख्यांचा रेडिएटर हवा. तीन पंख्यांचा, पेटीत मावतो म्हणून, नव्हे. असा नऊ पंख्यांचा बाहेर ठेवायचा रेडिएटर जर्मनीतली वॉटरकूल कंपनी करते, नाव ‘मो-रा’. आजींनी ते ऐकून “मग मोरीतच ठेव की” असे सुचवले. घरात त्यावर हसले सगळे, पण मोरीला निदान झरोका असतो. मोरी नको, गॅलरी घ्या. उत्तरेची, शेजाऱ्याच्या खिडकीसमोरची नव्हे. खिडकीच्या चौकटीतून दोन मऊ नळ्या काढा, झटकन सुटणारे दोन जोड बसवा आणि पारव्यांसाठी जाळी लावा. उष्णता उघड्या आभाळात गेली की कोणाच्या उशाशी बसत नाही.

यावर भाच्याची हरकत अशी, की गॅलरीतली हवा खोलीपेक्षा तापलेली असली तर प्रोसेसर दोन अंश जास्त तापेल. तापू दे. त्याला शंभरपर्यंत मुभा आहे. आजींना नाही.

राहता राहिला रंग. गॅलरीतल्या नळ्या पारदर्शक घेतल्या तर रस्त्यावरून जाणाऱ्यालाही दिसतील. हौसच असेल तर त्यांत खुशाल जांभळे पाणी घालावे.