इंदापूरची मोजणी, सुप्याची होळी

माणसांच्या समाजाचे शास्त्र होऊ शकते का, आणि झाले तर ते पदार्थविज्ञानाच्या वाटेने जाईल की इतिहासाच्या, हा सामाजिक शास्त्रांच्या तत्त्वज्ञानातला मूळ प्रश्न आहे. त्याची चर्चा बहुधा दुर्खीम आणि वेबर या समाजशास्त्रज्ञांपासून सुरू होते. पण हे दोघे लिहिते होण्याआधीच तो प्रश्न इंदापूर आणि भीमथडी तालुक्यांत प्रत्यक्ष उभा राहिला होता. आजचा बारामती तालुका तेव्हा भीमथडीत मोडत असे.

पेशवाई बुडाल्यावर दहा-बारा वर्षांत आर. के. प्रिंगल या अधिकाऱ्याने पुणे जिल्ह्याची पाहणी केली. हेलीबरीच्या कॉलेजात तो अर्थशास्त्रज्ञ माल्थसच्या हाताखाली शिकला होता आणि अर्थशास्त्रज्ञ रिकार्डोचा खंडाचा सिद्धांत त्याला पुरता पटला होता. पिकाच्या किमतीतून लागवडीचा खर्च वजा जाता उरेल ते निव्वळ उत्पन्न, आणि त्यातले 55 टक्के सरकारचे, असा त्याचा हिशेब. पण घरच्या माणसांच्या राबण्याची किंमत काय धरायची, बुडालेले वर्ष सरासरीत कसे बसवायचे, याची उत्तरे शेतात मिळत नाहीत. ती सिद्धांतच पुरवतो. नॉरवुड हॅन्सन या तत्त्वज्ञाने 1958 मध्ये निरीक्षण सिद्धांताने भारलेले असते असे मांडले, त्याचा रोकडा पुरावा इंदापुरात होता. आकारणी पेलवेना, भाव पडलेले, कारकुनांच्या नोंदी बेभरवशाच्या. जमिनी पडीक पडल्या आणि कुळे गाव सोडून गेली.

गोल्डस्मिड आणि विंगेट या अधिकाऱ्यांनी 1835-36 मध्ये इंदापूरपासूनच नवी मोजणी सुरू केली. मातीचा रंग आणि खोली पाहून आण्यांत प्रत ठरे, चुनखडी, वाळू, उतार असे दोष वजा होत. एकूण आकारणी मात्र गावाची मागची वसुली आणि लागवड बघून बांधली जाई आणि ती 30 वर्षे कायम राही. यात तर्कशुद्धता कमी आणि अनुभव जास्त होता. ही पद्धत टिकली, आणि ‘सर्व्हे नंबर’ अजून लोकांच्या तोंडी आहे.

मुदत संपल्यावर आकारणी पुन्हा वाढली. मग 12 मे 1875 रोजी भीमथडीतल्या सुप्यात सावकारांविरुद्ध दंगा झाला आणि पुणे व नगर जिल्ह्यांतल्या अनेक गावांत पसरला. कारणांची यादी लांब आहे. अमेरिकेतले यादवी युद्ध 1865 मध्ये संपून कापसाची तेजी ओसरली होती. 1859 च्या मुदतीच्या कायद्यामुळे सावकार दर तीन वर्षांनी व्याज मुद्दलात घालून नवा रोखा लिहून घेत. पण भाव तर इतरत्रही पडले होते. शिवाय कारणांच्या यादीतून हे कळत नाही, की जमावाने कर्जरोखे आणि हुकूमनामेच मागून का जाळले. कागद निमूट हाती आले तिथे बहुधा पुढे काही झाले नाही, असे दंग्याच्या चौकशी आयोगाने नोंदवले आहे. लोकांच्या लेखी अन्याय त्या कागदात साठला होता, हे ध्यानात घेतल्याशिवाय ती होळी समजत नाही. वेबरचा आग्रह हाच होता: कृतीचे कारण सांगण्याआधी करणाऱ्याच्या मनातला तिचा अर्थ समजून घ्यावा.

आयोगाने मुख्य ठपका कर्ज आणि दिवाणी कोर्टे यांच्यावर ठेवला. सदस्य ऑकलंड कॉल्व्हिन यांनी मात्र वेगळे टिपण लिहून महसुलाच्या बोजाकडे बोट दाखवले. साक्षी त्याच, निष्कर्ष दोन. पुढे 1968 मध्ये रविंदर कुमार यांनी या दंग्यात गावाच्या बदलत्या सत्तासंबंधांचा संघर्ष पाहिला, तर नील चार्ल्सवर्थ यांनी 1972 मध्ये त्याचा आवाका फुगवला गेल्याचे प्रतिपादन केले. वाद केवळ कारणांचा नव्हता. काय घडले म्हणायचे, हेच आधी ठरवावे लागत होते.

1879 चा दख्खन शेतकरी कर्जनिवारण कायदा आला आणि आणखी एक अडचण पुढे आली. ‘शेतकरी’ कोण याची कायद्याने व्याख्या केली. लगेच कोर्टांत त्यावरच वाद झडू लागले आणि सावकार गहाणखताऐवजी खरेदीखत करून घेऊ लागले. खडकाचे वर्गीकरण केले म्हणून खडक बदलत नाही. माणूस आपल्यावर लागलेला शिक्का वाचतो आणि त्याप्रमाणे वागणे बदलतो. तत्त्वज्ञ इयन हॅकिंग यांनी विसाव्या शतकाच्या अखेरीस हे सविस्तर मांडले. समाजशास्त्राला भौतिकशास्त्रासारखे अचल नियम न सापडण्याचे सर्वांत सबळ कारण हेच आहे.

सरकारची बाजू छापील अहवालांत सुरक्षित आहे. कर्जदार कुळांची बाजू बरीचशी 1875 मध्ये जळालेल्या कागदांत होती. बारामती-इंदापूरच्या जुन्या वाड्यांत, माळ्यांवर, पेट्यांत मोडी रोखे, खते, चोपड्या अजून असतील. दिवाळीच्या आवराआवरीत त्या हाती लागल्या तर रद्दीत घालू नयेत. मोडी वाचणाऱ्याला दाखवाव्यात, त्यांची छायाचित्रे काढावीत आणि जवळच्या ग्रंथालयाला कळवावे.