गागोदे पाहिलंत का?

इस्तंबूलला आपल्यातली बरीच कुटुंबं आता जातात. तोपकापी, सुलेमानिया बघतात, बकलावा आणतात. जरूर जावं. पण पेण तालुक्यातलं गागोदे बुद्रुक किती जणांनी पाहिलंय? विनोबा भाव्यांचा जन्म इथला, ११ सप्टेंबर १८९५ चा. घरचा फणस कापला की आई गरे आधी शेजारी वाटायला धाडायची, मग मुलांना द्यायची. तुर्कस्तानात १९३२ ते १९५० अजान अरबीऐवजी तुर्कीत व्हायची. त्याच काळात विनोबा मूळ कुरआन वाचता यावं म्हणून अरबी शिकले! पुढे निवडक आयतींचं ‘कुराण-सार’ त्यांनी तयार केलं. आमच्या मुलांना मात्र ते भूदानापुरतेच ठाऊक. मे महिन्यात, फणस पिकल्यावर, आम्ही त्यांना गागोद्याला नेणार आहोत.